तळाचं धान

१

आमच्या घराचं काम वीस दिवसांत उरकणार होतं. असं सुकराम मिस्त्रीनं मला सांगितलं, मी माझ्या बायकोला, ओमेश्वरीला सांगितलं आणि ओमेश्वरीनं सगळ्या गावाला. साठाव्या दिवशी आम्ही तिघंही एकमेकांशी नजर चुकवून बोलत होतो.

ज्यानं कधी घर दुरुस्त करून घेतलं आहे त्याला मी काय वेगळं सांगणार. नळवाल्यानं मोरीला उतार दिला तो नेमका स्वयंपाकघराकडे. विजेवाल्यानं बटणं अशी बसवली की दार उघडलं की ती दाराआड जात. सुतार ओट्याखालची कपाटं अर्धी लावून नागझिऱ्याकडे कुठल्या रिसॉर्टच्या कामावर गेला. फोन केला की म्हणायचा, "निघूनच राहिलो ना भाऊ." महिनाभर तो निघूनच राहिला होता. वरणात सिमेंट, अंथरुणात सिमेंट. मी आमगावात खता-बियाण्यांचं दुकान चालवतो. गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणायला मला काही वाटत नाही, पण या कारागिरांपुढे मी दिवसभर "हो बाबा, कर बाबा" करत फिरायचो.

सगळा खटाटोप हॉलसाठी होता. आमच्या गुंजनला गोंदियाचं स्थळ आलं होतं. मुलाच्या वडिलांची राइस मिल, तीन मजली घर. ते लोक संक्रांतीनंतरच्या रविवारी घर बघायला येणार होते. मुलीला ते आधीच एका लग्नात बघून गेले होते, आता घर बघायचं होतं. आमच्याकडे पुढची एक खोली आणि तिच्यामागे कोठीची खोली, दोन्ही अंधाऱ्या. मधली भिंत पाडून बावीस फुटी हॉल काढायचा, खाली चकचकीत टाइल, वर पीओपी, हे मी तीन वर्षं मनात धरून बसलो होतो. आपण वर आलो आहोत हे आल्या-गेल्याला कळायला नको का, असं मला वाटायचं. आता विचार केला की वाटतं, कुणाला कळवायचं होतं एवढं?

२

कोठी म्हणजे धान साठवायची मातीची कणगी. आमची कोठी माझ्यापेक्षा वयानं मोठी होती. पुरुषभर उंच, पोट सुटलेली, खाली धान काढायला मुठीएवढं तोंड आणि त्यात कापडाचा बोळा. माझ्या आईनं, दुलारीनं, लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यात सासूबरोबर ती थापली होती. माती, भुसा, शेण, एकावर एक थर, महिनाभर. आईला आम्ही माय म्हणतो. माय कोठीवर तळहातानं थाप मारायची आणि आत किती धान आहे ते आवाजावरून सांगायची.

कोठी कधी पूर्ण रिकामी करायची नाही, हा आमच्या घरचा नेम. तळाशी पायलीभर धान राहू द्यायचं, त्यावरच नव्या हंगामाचं ओतायचं. म्हणजे तळाचे काही दाणे मायच्या सासूच्या वेळचे असणार. शेजारची देवकाबाई सूप घेऊन आली की माय बोळा काढायची आणि सूप भरेपर्यंत धार चालू ठेवायची. मापून दिलेलं मी कधी पाहिलं नाही. माझे बाबा, मनोहरलाल, गेले त्या वर्षी धान बुडालं होतं, तरी बोळा निघत होता. "घर भरलेलं आहे ना आपलं," ती म्हणायची. आमच्याकडे तेव्हा पंखासुद्धा नव्हता.

हॉलचं काम काढलं तेव्हा तिनं एकच विचारलं.

"कोठीले त हात नाई लावणार ना रे, बाबू?"

"नाही माय. कोठी तिथंच राहील. तिच्याभोवती टाइल लावू."

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो. आणि धुळीचा त्रास नको म्हणून तिला आठ दिवस माझ्या बहिणीकडे, रेणूकडे, गोंदियाला पोचवून आलो. परतीच्या वाटेवरच सुकरामला फोन लावला. उद्या कोठी पाडू, म्हणालो.

सब्बल, म्हणजे पहार, लागली तेव्हा कोठी ढासळली नाही, मधोमध उकलली. धान आम्ही आदल्या दिवशीच पोत्यात भरून ठेवलं होतं. तळाशी उरलेलं काळपट धान मातीवर सांडलं. सुकरामची बायको रुख्मा त्याच्याबरोबर घमेली उचलायला यायची. ती एकदम खाली बसली.

"तळाचं धान आहे जी हे. हे टाकत नाईत."

"कीड लागलेलं आहे ते," मी म्हणालो. "भरणात जाऊ दे. मातीसकट."

"मायले विचाराचं होतं..."

"रुख्मा, टाइम नाही आहे."

ती हलली नाही. मग मीच पायानं ते सगळं कोठीच्या जागच्या खड्ड्यात लोटलं. पायात चप्पल होती, हे मला अजून आठवतं. सुकरामनं वरून मुरूम ओतला आणि धुम्मस मारून जमीन सपाट केली.

३

टाइल दोन बाय दोनची. बावीस फुटाला अकरा. हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

सुकरामनं पश्चिमेच्या दारापासून सुरुवात केली आणि पूर्वेच्या भिंतीकडे, म्हणजे कोठी होती तिकडे, सरकत गेला. संध्याकाळी मी दुकानातून आलो तर तो उकिडवा बसून भिंतीकडे बघत होता. अकरावी टाइल लागली होती. ती आणि भिंत यांच्यात चार बोटं जागा उरली होती.

"माप चुकलं माझं," तो म्हणाला. "पट्टी कापून लावून देतो."

सुकराम सालेकशाकडचा, तीस वर्षं हेच काम करणारा. त्याला स्वतःचं माप चुकलं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला राग आला, पण मी समजूतदारपणे म्हणालो, होतं असं.

दुसऱ्या दिवशी त्यानं चार बोटांच्या पट्ट्या कापल्या. लावायला गेला तर जागा वीतभर होती.

तिसऱ्या दिवशी हातभर. चौथ्या दिवशी आख्खी टाइल बसली आणि वर पुन्हा चार बोटं. मी आमगावहून आणखी टाइल आणल्या. रंगात उन्नीस-बीस फरक निघाला. ओमेश्वरी म्हणाली, "अजी, शेड काऊन वेगळी दिसून राहिली?" मी दुकानदारावर भडकलो, सुकरामवर भडकलो. घराच्या कामात माणूस इतका पिचलेला असतो की नवी अडचण आली तरी तिच्याकडे नीट बघत नाही. आणखी एक, एवढंच वाटतं.

रुख्मा मात्र त्या टोकाला जायची बंद झाली. घमेलं अर्ध्यावर ठेवायची आणि सुकरामला म्हणायची, "इथून ने."

४

माय परत आली ती बुधवारी, दुपारी. मी तिला दारातच धरलं आणि आत नेता नेता भराभर बोलत सुटलो. हे बघ पीओपी, हे बघ ओट्याखाली ड्रॉवर, ओढलं की बाहेर, सोडलं की आपोआप आत.

तिनं ड्रॉवर ओढून बघितला. "यात धान कुठं ठेवाचं?" तिनं विचारलं. थट्टेनं नव्हे, खरोखरच.

मग ती हॉलमध्ये आली आणि थांबली. पूर्वेच्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मी जे काही पाठ केलं होतं, की भिंतीला ओल आली होती, मिस्त्री म्हणाला कोठी अंगावर पडेल, ते सगळं बोलून टाकलं.

"तळाचं धान कुठं ठेवलं, बाबू?"

रुख्मा तिथंच होती, फरशी पुसत होती. तिचा हात पदराच्या गाठीकडे गेला आणि ती काही बोलणार असं वाटलं. मी आधी बोललो.

"डब्यात ठेवलं माय. सांभाळून. सगळं आवरलं की देतो."

रुख्मानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मायनं मान हलवली. तिला खोटं कळलं असणार. मी लहान असताना दूध सांडून मांजरावर ढकलायचो तेव्हाही ती अशीच मान हलवायची.

तिनं आपला पाट उचलला, सूप घेतलं आणि पूर्वेच्या भिंतीला, कोठीच्या जागी जाऊन बसली. त्या दिवसापासून तिची जागा तीच झाली.

५

गुरुवारी दुपारी दुकान बंद करून मी जेवायला आलो होतो. जेवण झालं, गुंजन आणि ओमेश्वरी आत पडल्या होत्या. गाव दुपारचं शांत होतं, दूर रुळांवरून एक मालगाडी जात होती. मी दाराशी खुर्चीत बसून मायकडे बघत होतो. ती तांदूळ पाखडत होती.

सूप वर जायचं, खाली यायचं, आणि मग "फट्" ऐकू यायचं.

मला आधी नुसतं अस्वस्थ वाटलं, का ते कळेना. मग लक्षात आलं. आवाज मागाहून येत होता. लहानपणी लांबच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कुणी पेंढ्या झोडपत असलं की पेंढी आपटताना आधी दिसायची आणि आवाज नंतर पोचायचा, तसा. पण ती बांधी कुठं आणि माझा हॉल कुठं.

नवी खोली, रिकामी, घुमत असेल. पीओपीमुळे आवाज फिरत असेल. मी स्वतःला हे अगदी शांतपणे समजावलं. मग उठलो आणि पिशवीतली दुकानाची टेप काढली.

आतून सत्तावीस फूट भरले.

मी बाहेर गेलो. उन्हात दोनदा बाहेरून माप घेतलं. भिंतींची जाडी वजा केली. बावीस. पुन्हा आत आलो. सत्तावीस फूट, वर दोन बोटं. टेप उन्हानं ताणली गेली असेल, असंही मी म्हणून बघितलं. मी दहावीला गणितात पहिला आलो होतो. घराबाहेर लिंबाखाली ती टेप हातात धरून मी किती तरी वेळ उभा होतो.

"माय," मी दारातून हाक मारली. "चहा घेते का?"

ती पाखडत राहिली. मी आत वळणार तेवढ्यात तिनं मान वर केली आणि ओठ हलवले. मग आवाज आला. "दे ना थोडासा."

संध्याकाळी ओमेश्वरी म्हणाली, "मायले आजकाल ऐकू कमी येऊन राहिलं. दोन-दोनदा आवाज द्यावा लागते. पाहुणे गेले की कानाच्या डॉक्टरले दाखवून देऊ." मी हो म्हणालो. मला इतकं हायसं वाटलं की मी तिला खरं काही सांगितलंच नाही.

६

शुक्रवारी मी मायचं ताट स्वतः घेऊन गेलो. दारापासून तिच्यापर्यंत. वाटेत पावलं मोजायची नाहीत असं ठरवलं होतं, पण मोजली. चौतीस झाली. भात तिच्यापुढे ठेवला तेव्हा त्याची वाफ गेलेली होती.

"थंडच आणतोस रे, बाबू," ती हसून म्हणाली. तिथं, जवळ बसल्यावर, तिचा आवाज नेहमीसारखा होता. हाताला टाइलचा गारवा लागत होता. मी तिच्याजवळ बसून राहिलो. ती चार घास खाऊन थांबली.

"करमत नाही का गं?"

"करमते ना. कायले नाई करमणार?" तिनं टाइलवर तळहातानं हलकी थाप मारली, कोठीवर मारायची तशी, आणि कान देऊन ऐकलं. काय ऐकू आलं ते सांगितलं नाही. "फक्त तुमी लोकं लहान-लहान दिसून राहिले तिकडं."

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. जिथं ती बसली होती तिथंच, हातभर खाली ते धान होतं. सब्बल आणायची, दोन टाइल फोडायच्या, तिच्या ओंजळीत टाकायचं. अर्ध्या तासाचं काम. हे कशामुळे होत होतं ते मला कळत नव्हतं, आजही कळत नाही, पण काय केलं असतं तर ते थांबलं असतं हे मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं.

पण पाहुणे परवा येणार होते. फुटलेल्या टाइलचा खड्डा त्यांना कसा दाखवायचा? सुकरामकडे त्या शेडच्या टाइल थोड्याच उरल्या होत्या. मी मनात म्हटलं, रविवार जाऊ दे. सोमवारी सकाळी पहिलं काम हेच.

आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी सोमवारवर टाकल्या आहेत. त्यातल्या बहुतेक झाल्याही.

शनिवारी ताट न्यायला एकसष्ट पावलं लागली. परत येताना मी धावलो, आणि धावत असल्याची मला लाज वाटली.

७

पाहुणे रविवारी अकराला आले. मुलाचे वडील इंद्रकुमारजी, आई आणि मुलगा. सोफे पश्चिमेच्या टोकाला, दाराजवळ, टीव्हीकडे तोंड करून मांडले होते, म्हणजे पूर्वेकडे पाहुण्यांची पाठ. समोर वेताच्या मोड्यावर मी बसलो होतो. मांडणी ओमेश्वरीची होती. पण ती मला पटली होती.

"वा टेंभरेजी, हॉल तो बढिया बनाया आपने," इंद्रकुमारजी म्हणाले. "अंदर से इतना बडा होगा, बाहर से तो पताच नहीं चलता."

मी हसलो. त्यांच्या खांद्यावरून मला माय दिसत होती. पांढरं लुगडं, मांडीवर सूप. तिच्यापर्यंत टाइलच्या रांगा गेल्या होत्या, त्या मी मोजल्या नाहीत.

गुंजन चहा-पोहे घेऊन आली. प्रश्न झाले. मुलगा शांत होता, बरा वाटला. मिलचं बोलणं निघालं, माझ्या दुकानाचं निघालं. "भरा-पुरा घर है," इंद्रकुमारजी बायकोला म्हणाले. ती म्हणाली, "हो ना. पण तुमच्या सासूबाई कुठं आहेत? त्यांच्या पाया पडून घेते."

"आहे ना, इथंच आहे," मी म्हणालो आणि हाक मारली, "माय, ये ना इकडं!"

बऱ्याच वेळानं मायनं मान वर केली. सूप बाजूला ठेवलं. भिंतीला हात टेकून उठली. पदर डोक्यावरून घेतला आणि चालू लागली.

ती चालत होती. पाऊल उचललेलं मला दिसत होतं, टेकलेलं दिसत होतं. इंद्रकुमारजींनी खताच्या भावाचं विचारलं, मी उत्तर दिलं. ती चालत होती. मुलानं एक फोन घेतला, ठेवला. चहा झाला. ओमेश्वरीनं सुपारीची ताटली फिरवली. ती चालत होती आणि जेवढी होती तेवढीच होती. बोटाएवढी. चेहरा कळत नव्हता.

मी उठून तिच्याकडे जायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. पण समोर व्याही होणारी माणसं बसली होती आणि मी विषय बदलत राहिलो, त्यांनी मागे वळून बघू नये म्हणून. माझी आई माझ्या हाकेला ओ देऊन माझ्याकडे येत होती आणि मी तिला कुणी बघू नये म्हणून बोलत होतो.

मग ती थांबली. कंबरेवर हात ठेवून जरा उभी राहिली. आणि परत फिरली.

"माय थकलेली असते दुपारची," मी म्हणालो. "पुढच्या वेळी नक्की."

"काही हरकत नाही जी," मुलाची आई म्हणाली. "आता तर येणं-जाणं होतच राहील." त्यावरून होकार आहे हे आम्हाला कळलं. ओमेश्वरीनं माझ्याकडे बघितलं, तिचे डोळे भरले होते.

८

गाडी धुरळा उडवत गेली. ओमेश्वरी आणि गुंजन आनंदाची बातमी सांगायला देवकाबाईकडे पळाल्या. दुपारचा एक वाजला होता. मी हॉलच्या दाराशी आलो.

पूर्वेची भिंत मला दिसली नाही. टाइल होत्या, उजेड होता, खिडकीतून येतो तसाच, आणि पुष्कळ लांब एक पांढरा ठिपका पाटावर बसलेला होता.

मी ओरडलो. सगळ्या अंगानं ओरडलो.

"माय! मी खोटं बोललो! डब्यात नाही ठेवलं! तळाचं धान तुझ्या खालीच आहे, टाइलखाली आहे! मीच लोटलं, माय! आता काढून देतो!"

शब्द गेले. ते जात असल्याचं मला जाणवत होतं. परत काहीच आलं नाही. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो.

मग ठिपक्यानं मान वर केली. मी डोळे ताणून बघितलं. माझी नजर चांगली आहे, मी अजून चष्मा लावत नाही. तिचे ओठ हलले. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. तिनं हात उचलला, म्हणजे उचलल्यासारखा वाटला. मग मान खाली गेली.

मी आवाजाची वाट बघत थांबलो. आला नाही. मग चालायला लागलो, मग धावायला. किती वेळ धावलो ते सांगता येणार नाही. पायातली चप्पल कुठं तरी सुटली.

पोचलो तेव्हा माय भिंतीला टेकून बसली होती. सूप मांडीवर होतं. हात थंड पडला होता. मी मागे वळून पाहिलं तर दार तिथंच होतं, चार ढांगांवर, आणि माझी चप्पल तिसऱ्या टाइलवर उलटी पडली होती.

९

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, झोपेत जावं तशी गेली. लोक म्हणाले, भाग्यवान, नातीचं ठरलेलं ऐकून गेली.

तेरवी झाल्यावर सुकराम हिशेबाला आला आणि हॉलमध्ये गेला. टेप लावली. बावीस फूट. अकरा टाइल भिंतीला चपखल टेकलेल्या. जास्तीच्या लावलेल्या टाइल कुठं गेल्या ते त्यानं विचारलं नाही. तीन डबे शिल्लक निघाले, ते गोठ्यात पडून आहेत.

मी त्याच्याकडून सब्बल घेतली आणि कोपऱ्यातल्या दोन टाइल फोडल्या. खाली मुरूम, त्याखाली कोठीची लाल माती. धान नव्हतं. एक दाणाही नाही. कुजलं असेल, मुंग्यांनी नेलं असेल. मी कोपरापर्यंत हात घालून शोधत होतो तेव्हा रुख्मा जवळ येऊन बसली. तिनं पदराची गाठ सोडली.

"त्या दिवशी एक मूठ बांधून ठेवली होती जी," ती म्हणाली. "मायले द्याची म्हणून. पण तुमी तिले म्हणाले, डब्यात ठेवलं. मंग मी मालकाले खोटं कसं पाडू?"

तिनं ते काळपट दाणे माझ्या ओंजळीत ओतले. मी तिथंच, त्या खड्ड्याशी बसून रडलो. सुकराम बाहेर निघून गेला.

ते धान आता एका वाटीत कोपऱ्यात ठेवलं आहे. त्यावर नवं ओतायला कोठी नाही. कोठी कशी थापतात हे ओमेश्वरीला येत नाही, गावात आता कुणालाच येत नाही. आम्ही तांदूळ पंचवीस किलोच्या पिशवीनं आणतो. देवकाबाई सूप घेऊन येत नाही. तिला कुणी नाही म्हटलेलं नाही, पण येत नाही. वैशाखात गुंजनचं लग्न आहे. आलेला प्रत्येक पाहुणा हॉलची तारीफ करतो.

एक सांगायचं राहिलं. माय गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिला पोचवून आल्यावर, दुपारी हॉलमध्ये "फट्" असा आवाज झाला. मग पुन्हा. सूप पाखडल्याचा. रोज दुपारी येत राहिला. ओमेश्वरी म्हणते, शेजारचा असेल. असेलही. पण मला त्याची लय ओळखू येते. तो त्या शेवटच्या दिवसांचा आहे, आता येऊन पोचतो आहे.

गेल्या आठवड्यात सूप थांबलं. ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर तीन दिवस पावलं, अनवाणी, हळू. माझ्या हाकेसरशी निघालेली. मध्ये थांबली. मग परत जाणारी. ती ऐकत बसणं फार कठीण होतं, पण मी बसलो.

काल दुपारी पाट सरकल्याचा आवाज आला. ती परत बसली.

म्हणजे आता पुढे तिचं ते बोलणं आहे. दोनदा ओठ हलले होते. ओमेश्वरीला मी शेवटी सगळं सांगितलं, ती म्हणते, माय दुसरं काय म्हणणार, असू दे म्हणाली असेल. मला ठाऊक नाही. मला ‘असू दे’ म्हणणं तिला कायमच जमत होतं, आणि कदाचित म्हणूनच तेवढ्या एका वेळी जमलं नसेल.

आज दुकान उघडलं नाही. टीव्हीची पिन काढली आहे, पंखा बंद आहे. मी कोपऱ्यात, तिच्या पाटाशेजारी खाली बसलो आहे.